वाळवंटांची तुलना : भूगोल नव्याने हाती घेतलेल्यांसाठी

स्पर्धा परीक्षेला भूगोल हा वैकल्पिक विषय घेतलेल्या बहुतेकांच्या वहीत एक तक्ता असतो. जगातली दहा मोठी वाळवंटं, खंड, क्षेत्रफळ, उष्ण की शीत. तक्ता कुणाच्या तरी वहीतून उतरवलेला, त्याने तो आणखी कुणाच्या वहीतून घेतलेला. दोन वह्या शेजारी ठेवल्या की पहिल्याच ओळीत भांडण. एकीत पहिला नंबर सहाराचा, दुसरीत अंटार्क्टिकाचा. मग अभ्यासिकेच्या जिन्यात वाद रंगतो, चहा गार होतो आणि कुणीतरी मोबाइल काढून तिसराच आकडा वाचून दाखवतो.

मी मुंबईतच भूगोलात बी. ए., एम. ए. केलं, काही काळ स्पर्धा परीक्षांचा रस्ता चालून पाहिला आणि आता दादरच्या एका अभ्यासिकेत मुलांची उत्तरं तपासून देते. येणाऱ्यांत इंजिनिअर, फार्मसीवाले, बी. कॉम. झालेले जास्त, दहावीनंतर नकाशाला हात न लावलेले. त्यांना वाळवंट हा प्रकार सोपा वाटतो, कारण त्यात पाठ करण्याजोगं बरंच आहे. मला विचाराल तर क्षेत्रफळ सगळ्यात शेवटी बघावं. आधी ती जागा कोरडी का, हे कळलं की तिची रुंदी, तिचा आकार, तिथली थंडी-उकाडा हे सगळं बऱ्यापैकी सांगता येतं. मग आकडा आठवला नाही तरी उत्तर अडत नाही.

नवीन येणाऱ्याला मी पहिलं काम देते ते असं. ॲटलास उघडा, मुंबईवर बोट ठेवा आणि १९ अंश उत्तर अक्षवृत्तावरून पश्चिमेकडे सरकत जा. अरबी समुद्र संपला की ओमान, मग रब अल खालीची वाळू, तांबडा समुद्र, सुदानचं नुबियन वाळवंट, चाड, नायजर, माली, मॉरिटानिया आणि थेट अटलांटिक. आता पुन्हा मुंबईला या आणि पूर्वेकडे निघा. मराठवाडा, तेलंगण, बंगालचा उपसागर, म्यानमार, लाओस, व्हिएतनाम, हैनान. जवळजवळ सगळीकडे शेती, बरीचशी भाताची. अक्षवृत्त एकच, सूर्य तोच, आणि मुंबई नेमकी दोन जगांच्या सीमेवर बसलेली.

याचं कारण बहुतेकांना तोंडपाठ असतं, पण बोट फिरवल्यावर ते पहिल्यांदा पटतं. विषुववृत्तावर तापलेली हवा वर जाते, आपलं बाष्प तिथेच पावसाच्या रूपाने सांडते आणि साधारण २० ते ३० अंशांच्या दरम्यान खाली उतरते. उतरताना ती दाबली जाते, तापते आणि ढग बनू देत नाही. हे उत्तर गोलार्धात होतं तसं दक्षिणेतही होतं. या पट्ट्यात पूर्वीय वारे खंडाच्या पूर्व किनाऱ्यावर पाऊस टाकतात आणि पश्चिमेकडे जाईपर्यंत रिकामे होतात. शिवाय पश्चिम किनाऱ्यांलगत थंड सागरी प्रवाह असतात. भारत या हिशेबातून सुटला तो मोसमी वाऱ्यांमुळे. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत २०१३ साली सामान्य अध्ययनात नेमकं हेच विचारलं होतं: उत्तर गोलार्धातली प्रमुख उष्ण वाळवंटं २० ते ३० अंशांत आणि खंडांच्या पश्चिमेलाच का? ज्याने ॲटलासवर बोट फिरवलं आहे, त्याला या प्रश्नासाठी वेगळी नोट लागत नाही.

दुसरं काम माझं जास्त आवडतं. विषुववृत्ताच्या पलीकडे, मुंबईइतक्याच अंतरावर, दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर काय आहे ते शोधा. चिलीमधलं आरिका सापडेल, साधारण साडेअठरा अंश दक्षिण. तेही बंदर, त्याच्याही पश्चिमेला महासागर, आणि हवेतला दमटपणाही बऱ्यापैकी. पण आरिकाचा सरासरी वार्षिक पाऊस ०.७६ मिलिमीटर. वार्षिक म्हणतेय मी. तिथे ऑक्टोबर १९०३ ते जानेवारी १९१८ एवढा काळ पाऊस पडलाच नव्हता. आपल्याकडे २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला. भागाकार केलात तर आरिकाचा बाराशेहून अधिक वर्षांचा पाऊस आपण एका दिवसात अंगावर घेतला.

समुद्र शेजारी असून हे असं का, हा प्रश्न इथे पडायलाच हवा. पेरूचा म्हणजेच हम्बोल्ट प्रवाह दक्षिणेकडून गार पाणी आणतो. त्या पाण्यावरची हवा खाली थंड आणि वर उबदार अशी उलटी रचली जाते; उलट्या रचनेत हवा वर उठत नाही आणि न उठलेल्या हवेतून पाऊस पडत नाही. धुकं मात्र भरपूर होतं, त्याला तिकडे कामांचाका म्हणतात, आणि चिलीत काही ठिकाणी जाळ्या लावून त्यातून पिण्याचं पाणी मिळवलं गेलं आहे. वरून उतरती हवा आहेच, आणि पूर्वेकडून ॲमेझॉनचं बाष्प यायचं तर मध्ये अँडीज उभा. कोरडेपणाची तीन कारणं एकाच जागी आली की अटाकामा होतं. आफ्रिकेतलं नामिब हे त्याचं जवळचं भावंड. तिथे बेंग्वेला प्रवाह, तिथेही किनाऱ्यावर वर्षातले शंभराहून अधिक दिवस धुकं, आणि त्या धुक्यावर जगणारे किडे नि वेल्विट्शियासारखी झाडं. दोन्ही वाळवंटं किनाऱ्यावर उकाड्याची नाहीत. आरिकाचं सरासरी तापमान मुंबईपेक्षा सात-आठ अंशांनी कमी आहे. ‘वाळवंट म्हणजे होरपळ’ हे समीकरण ज्यांच्या डोक्यात घट्ट आहे त्यांनी इथे थोडं थांबावं.

आता व्याख्या. कंटाळवाणी वाटते, पण सगळी भांडणं इथूनच निघतात. वर्षाला २५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस म्हणजे वाळवंट, हे शाळेतलं माप. सुटसुटीत आहे, आणि अपुरं. बिकानेरचा पाऊस अडीचशेच्या थोडा वर आहे, मंगोलियाची राजधानी उलानबातर हिचाही साधारण तितकाच. पण बिकानेरभोवती थरचं वाळवंट आहे आणि उलानबातरभोवती गवताळ टेकड्या, घोडे, उत्तरेला जंगल. कारण बिकानेरचं वार्षिक सरासरी तापमान २६-२७ अंश, उलानबातरचं शून्याच्या आसपास. पडलेलं पाणी एकीकडे उडून जातं, दुसरीकडे मातीत टिकतं. हवामानशास्त्रज्ञ कोपेनने हवामानाच्या आपल्या वर्गीकरणात हेच गणितात बसवलं. पाऊस मुख्यतः उन्हाळ्याच्या सहामाहीत पडत असेल तर सरासरी तापमानाला २० ने गुणायचं, त्यात २८० मिळवायचे आणि आलेल्या संख्येच्या निम्मा पाऊसही पडत नसेल तर ते वाळवंट. बिकानेरसाठी करून पाहा: २६ गुणिले २० म्हणजे ५२०, अधिक २८०, झाले ८००, निम्मे ४००. अडीचशे त्याच्या खूप खाली. उलानबातरसाठी मर्यादा येते १४०, म्हणून तो सुटला. हे एक गणित वहीत हाताने केलेलं असलं की उष्ण आणि शीत वाळवंटासाठी कोपेनची बी डब्ल्यू एच आणि बी डब्ल्यू के ही अक्षरं पुन्हा घोकावी लागत नाहीत. (पाऊस हिवाळ्यात पडत असेल तर २८० मिळवायचे नाहीत, वर्षभर विखुरलेला असेल तर १४०.) संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाची पद्धत आणखी वेगळी: पाऊस भागिले संभाव्य बाष्पोत्सर्जन, म्हणजे जमीन आणि झाडं मिळून जास्तीत जास्त जेवढं पाणी हवेत उडू शकतं तेवढं. उत्तर ०.०५ च्या खाली गेलं तर अतिशुष्क, ०.०५ ते ०.२० शुष्क, ०.५० पर्यंत निमशुष्क.

जिन्यातल्या वादाचं उत्तरही यातच आहे. पावसाचं माप लावलं तर अंटार्क्टिका हे जगातलं सर्वांत मोठं वाळवंट, सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटर. आतल्या पठारावर वर्षाला जेमतेम ५० मिलिमीटर पाण्याइतका बर्फ पडतो. कोपेनच्या पद्धतीत मात्र सर्वांत उबदार महिनाही १० अंशांच्या खाली असला की प्रदेश ध्रुवीय गटात जातो, तिथे वाळवंटाचा प्रश्नच येत नाही. म्हणून सहारा ‘सर्वांत मोठं उष्ण वाळवंट’ असं लिहा. एक विशेषण वाढतं आणि वाद मिटतो.

क्षेत्रफळं लक्षात ठेवायची तर मी महाराष्ट्र हे माप वापरते. आपलं राज्य ३ लाख ८ हजार चौरस किलोमीटर. सहारा सुमारे ९२ लाख, म्हणजे तीस महाराष्ट्र. अरबी वाळवंट साडेसात, गोबी चारच्या थोडं वर, कालाहारी तीन, पॅटागोनिया दोनच्या जरा वर. थर दोन तृतीयांश. ऑस्ट्रेलियातलं ग्रेट व्हिक्टोरिया एकापेक्षा थोडं मोठं. अटाकामा एक तृतीयांश, फक्त. हे आकडे गोल आहेत आणि गोलच ठेवा, कारण वाळवंटाला कुंपण नसतं. अटाकामाचे १ लाख ५ हजार चौरस किलोमीटर सांगतात. अँडीजचे उघडे-बोडके खालचे उतार धरले की तेच १ लाख २८ हजार होतात. सहाराची हद्द तर पावसाच्या रेषेवरच काढतात, उत्तरेला १०० मिलिमीटरची समपर्जन्य रेषा (सारख्या पावसाची ठिकाणं जोडणारी) आणि दक्षिणेला १५० ची. पाऊस मागेपुढे झाला की वाळवंटही सरकतं. तेव्हा दोन पुस्तकांत दोन आकडे दिसले तर कोणतं चूक हे ठरवत बसू नका. कुणी हद्द कुठे धरली ते बघा.

नकाशाचीही एक खोड आहे. गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायच्या पद्धतीला प्रक्षेपण म्हणतात; मोबाइलवरचे नकाशे बहुधा मर्केटर प्रक्षेपणावर असतात आणि त्यात ध्रुवांकडचा भाग फुगतो. सहारा गोबीच्या सातपट आहे, पण मर्केटरवर तो साडेचारपटच दिसतो, कारण गोबी चाळिशीच्या अक्षांशांत बसलेलं आहे. अंटार्क्टिका तर तळाला पसरलेली पांढरी पट्टी होऊन जाते. तुलना करताना समक्षेत्र, म्हणजे क्षेत्रफळांचं प्रमाण खरं ठेवणाऱ्या, प्रक्षेपणावरचा नकाशा घ्या. चांगल्या ॲटलासमध्ये जगाचे हवामान विभाग बहुतेक वेळा अशाच प्रक्षेपणावर दिलेले असतात, पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात त्याचं नाव असतं.

कारणावरून आकार कसा निघतो ते आता बघा. उतरत्या हवेचा पट्टा हजारो किलोमीटर रुंद असतो, म्हणून त्याच्याखाली जमीन जितकी रुंद तितकं वाळवंट मोठं. उत्तर आफ्रिका नेमकी त्याच अक्षांशांत सर्वांत रुंद, मध्ये आडवा समुद्र नाही, आडवी उंच पर्वतरांग नाही; म्हणून सहारा पूर्व-पश्चिम सुमारे ४,८०० किलोमीटर पसरला. दक्षिण गोलार्धात ऑस्ट्रेलिया तसाच बसला आहे. दक्षिण अमेरिका मात्र तिथे निमुळती होत जाते आणि थंड प्रवाहाचा परिणाम अँडीजच्या भिंतीपर्यंतच पोचतो, त्यामुळे अटाकामा लांबलचक पण चिंचोळं. नामिबही तसंच. पर्जन्यछायेतली, म्हणजे डोंगराने पाऊस अडवल्यामुळे झालेली, वाळवंटं डोंगराच्या मागे, डोंगराच्या लांबीने पसरतात.

पर्जन्यछायेसाठी आपल्याला परदेशी जायची गरज नाही. महाबळेश्वरला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. पॅटागोनियात हेच दिशा बदलून घडतं. चाळीस-पन्नास अंश दक्षिणेला पश्चिमी वारे वाहतात, चिलीच्या बाजूला काही हजार मिलिमीटर पाऊस टाकतात आणि अर्जेंटिनात उतरेपर्यंत सुकतात. तिथे दोनशेच्या आसपास. म्हणून हे वाळवंट खंडाच्या पूर्व बाजूला आहे. ‘वाळवंटं पश्चिमेलाच असतात’ हा नियम सरसकट लिहिणाऱ्यांची उत्तरं मी याच जागी लाल करते. उत्तर अमेरिकेतलं ग्रेट बेसिन सिएरा नेवाडाच्या आड बसलेलं, तेही शीत. सोनोरन वाळवंटाला हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात असे दोनदा पाऊस मिळतात, आणि त्यामुळेच तिथे ते उंच साग्वारो निवडुंग उभे राहू शकतात. अमेरिकेवर यापेक्षा जास्त वेळ घालवू नका.

गोबी आणि सहारा ही जोडी मात्र नीट करा, तुलनात्मक उत्तरात ती सर्वांत जास्त देते. गोबीच्या कोरडेपणाला उतरत्या हवेचा पट्टा नव्हे, तर अंतर आणि हिमालय-तिबेटची भिंत जबाबदार. समुद्र इतका दूर की बाष्प पोचेपर्यंत उरत नाही, आणि दक्षिणेकडून आलेलं हिमालय-तिबेट अडवतात. हिवाळ्यात सैबेरियावर जड, थंड हवेचा उच्चदाब बसतो. समुद्रसपाटीपासून उंचीही साधारण ९०० ते १,५०० मीटर. म्हणून तिथे हिवाळ्यात उणे ४० पर्यंत आणि उन्हाळ्यात चाळिशीपार, असा वर्षभरातला फरक. सहारात फरक वर्षापेक्षा दिवस-रात्रीत जास्त ठसठशीत असतो, कारण ढग नाहीत आणि दमटपणा नाही, सूर्य मावळला की जमिनीची उष्णता थेट आकाशात जाते. सहाराच्या दोन कडाही वेगळ्या ऋतूंत भिजतात, उत्तरेकडची भूमध्य समुद्राकडून हिवाळ्यात आणि दक्षिणेकडची पावसाळी पट्टा वर सरकल्यावर उन्हाळ्यात. हे एक वाक्य उत्तरात आलं की तपासणाऱ्याला कळतं, याने नकाशा पाहिला आहे. आणि चित्रांत दिसतो तसा सगळा सहारा वाळूच्या टेकड्यांचा नाही. वाळू साधारण एक चतुर्थांश किंवा त्याहूनही कमी भागात, बाकी दगडी पठारं, खडीची मैदानं आणि तिबेस्तीसारखे ३,४०० मीटरपर्यंत चढणारे डोंगर.

कालाहारी आणि ऑस्ट्रेलिया हे दोन गुंतवणारे. कालाहारीच्या बऱ्याच भागात २५० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण तो जाड वाळूत जिरून जातो आणि पृष्ठभागावर पाणी राहत नाही. म्हणून काटेकोरपणे ते निमवाळवंट. ऑस्ट्रेलियात आयर सरोवराच्या आसपास, म्हणजे सर्वांत कोरड्या भागातही वर्षाला शंभराच्या वर पाऊस असतो. सहाराच्या मध्यासारखी कोरडी जागा त्या खंडात नाही. तिथली अडचण पावसाच्या लहरीपणाची आणि बाष्पीभवनाची. युरोपचं काय, असं कुणीतरी विचारतंच. स्पेनमधल्या तबेर्नासला वाळवंट म्हणतात, पण ते २८० चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या निम्म्याहून लहान.

आपलं थर पश्चिमेला आहे, उतरत्या हवेच्या पट्ट्याच्या उत्तर टोकाला आहे, पण त्याला पाऊस मोसमी वारेच देतात, जाता जाता थोडासा. अरवली वाऱ्याच्या दिशेला समांतर असल्याने अडवायला काही नाही. जगातलं सर्वांत दाट वस्तीचं वाळवंट म्हणून त्याचा उल्लेख करतात. फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंश नोंदवले गेले, आणि बाडमेर जिल्ह्यात ऑगस्ट २००६ मध्ये पूर येऊन कवास गाव पाण्याखाली गेलं. हे दोन्ही एकाच उत्तरात लिहा. वाळवंटातला पाऊस सरासरीने समजत नाही.

वाळवंट आणि वाळवंटीकरण एक समजू नका. २०२० च्या मुख्य परीक्षेत वाळवंटीकरणाला हवामानाच्या सीमा नसतात, हे उदाहरणांनी सिद्ध करायला सांगितलं होतं. अहमदाबादच्या इस्रोच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरने काढलेल्या ॲटलासनुसार २०१८-१९ मध्ये देशाच्या २९.७७ टक्के क्षेत्रावर जमिनीचा ऱ्हास चालू होता, आणि त्यात सर्वाधिक वाटा असलेल्या राज्यांत राजस्थानच्या जोडीला महाराष्ट्रही आहे. इथे वाळवंट नाही, पण माती जाते आहे. तो ॲटलास उतरवून घ्या, आपल्या जिल्ह्याचं पान बघा.

अभ्यासाची पद्धत विचाराल तर एकच आग्रह. सात-आठ ठिकाणांचे हवामान आलेख, म्हणजे महिन्यागणिक पाऊस आणि तापमान, स्वतःच्या हाताने काढा: आरिका, नामिबच्या किनाऱ्यावरचं वॉल्व्हिस बे, जैसलमेर, गोबीतलं दालानझादगड, सहारातलं अगादेझ, ऑस्ट्रेलियातलं ॲलिस स्प्रिंग्ज, जोडीला सांताक्रूझ. सगळ्यांची पट्टी एकच ठेवा. मुलं प्रत्येक आलेखाला सोयीची पट्टी घेतात आणि मग आरिकाचा पाऊस मुंबईइतका उंच दिसतो. एकाच पट्टीवर काढलं की मुंबईचा जुलै कागदाबाहेर जातो आणि इतरांचे खांब दिसतही नाहीत. ते तसंच राहू द्या. आकडे तीस वर्षांच्या सरासरीचे घ्या, शक्य तर १९९१ ते २०२० चे. रविवारी मुंबई विद्यापीठाच्या कलिन्याच्या वाचनालयात जुने ॲटलास चाळायला मिळाले तर जरूर चाळा. लोकलमध्ये पाठांतर होतं, आलेख होत नाहीत. तो वेळ उपग्रहचित्रं बघायला वापरा, नामिबचे वाळूचे कडे आणि गोबीची खडी यांतला फरक मोबाइलवरही कळतो.

ज्यांना परीक्षेपलीकडे जायचं आहे त्यांच्यासाठी: जोधपूरची काझरी ही शुष्क प्रदेश संशोधनाची संस्था १९५९ पासून काम करते आहे. मुंबईत राहायचं असेल तर जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे आणि त्यांची माहिती हाताळणं, शिका. विमा, पाणी, सौरऊर्जा अशा कंपन्यांना नकाशा वाचणारी आणि पावसाच्या आकड्यांशी न घाबरता बोलणारी माणसं लागतात. राजस्थानातलं भडला सौरऊर्जा पार्क २,२४५ मेगावॅटचं आहे; तिथल्या धुळीचा, उन्हाचा, पाण्याचा हिशेब कुणीतरी करतंच की. नुसत्या एम. ए. वर ही दारं सहसा उघडत नाहीत, हे आधीच सांगून ठेवते.

जाता जाता वहीतली एक दुरुस्ती. जुन्या नोट्समध्ये लिबियातल्या अल अझिझियाचं ५८ अंश हे जगातलं सर्वोच्च तापमान असतं. १९२२ ची ती नोंद जागतिक हवामान संघटनेने २०१२ मध्ये रद्द केली. आता डेथ व्हॅलीतल्या फर्नेस क्रीकची १० जुलै १९१३ ची ५६.७ अंशांची नोंद धरतात. नीचांकाची नोंद अंटार्क्टिकातल्या व्होस्टोकची, २१ जुलै १९८३, उणे ८९.२.